दोन मुठी डावीकडे

वेंगुर्ल्याच्या वर, सड्यावर, जांभा फोडून
माती आणून अंथरलेलं हे हिरवं.
होल सातच. आठव्याआधी पैसे संपले.
क्लबाने माझ्या मोजणीची फी दिली नाही,
सभासदत्व दिलं, आणि कुणाचा तरी जुना पटर.

बत्तीस वर्षं भूकरमापक होतो मी.
उतार म्हणजे माझ्या घरचं काम.
गुडघे कुरकुरले तरी बसतो चेंडूमागे,
पटर ओळंब्यासारखा लोंबता धरतो,
एक डोळा मिटतो, हिशेब करतो,
आणि चेंडू जातो
भलत्याच गावाला.

शेवंती गिरप कडेला बसून
हरळीतली लव्हाळी उपटत होती.
माझा सातवा चेंडू चुकल्यावर
मान वर न करता म्हणाली,
"सायबानू, डोळ्यांनी बघू नकात.
पाणी खंय जातला ता बघा."

पाणी? इथे कुठे पाणी?
मे महिना, समोर समुद्रसुद्धा तापलेला.

"नाय तर समजा. एक कळशी ओतलास,
तर आधी खंय थांबतला,
मगे खंय वळतला?"

मी कळशी ओतली, मनातल्या मनात.
ती डावीकडे गेली. मागच्या काजूच्या बागेचा उतार
डावीकडे आहे ना, म्हणून.
शेवंती हसली. माझी कळशी चुकीच्या डोंगरावर ओतलेली.

"वहाणा काढा."

चेंडूपासून खळीपर्यंत अनवाणी चाललो,
अकरा पावलं.
नवव्या पावलाला उजव्या टाचेत
काहीतरी जड उतरलं,
जसं होडीत कुणी न सांगता
दुसऱ्या फळीवर सरकून बसावं.
मग गवत दिसलं:
सगळी पाती दर्याकडे मान टाकून,
खळीची उजवी कड करपलेली,
डावी अजून ताजी.
इतके महिने मी भोक बघत होतो, कड नाही.

"किती डावीकडे मारू?"
तिने मूठ वळली. मातीची, नखं तुटलेली.
"दोन मुठी. आणि हळू.
जोरात मारलास तर पाण्याक वळूक येळ गावणा नाय."

आता हे कसं सांगू.
एकदा परुळ्याच्या बाजूला, वायंगणीच्या मळ्यात,
वहाळाच्या वाटेवरून दोन घरांचा तंटा होता.
मी दुर्बीण लावली, काठी धरवली,
उतार पूर्वेला, असं लिहिलं.
गुडघाभर चिखलात उभी एक बाई बोलली,
"पाणी तसा जाणा नाय, सायबानू."
मी शाई वाळेपर्यंत थांबलो
आणि शिक्का मारला.

ती ही होती का?
सातबाऱ्यावर तेव्हा बाईचं नाव नव्हतं,
म्हणून माझ्याकडे कागद नाही.
विचारायला तोंड उघडलं,
तर विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?"
म्हणाली, "चेंडू मारा आधी."

मारला. दोन मुठी डावीकडे, हळू.
तो सरळ गेला, चुकीचाच वाटला,
मग दमला,
मग ऐकू लागला.
वळला. कडेवर एक क्षण बसला
आणि पडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता आलो, कुणी नसताना.
हिरव्यावर दंव होतं. एक चेंडू मारला,
आणि तो आपल्यामागे
काळपट रेघ ओढत गेला:
आधी सरळ, मग शेवटच्या हातभरात वाकलेली,
नकाशावर मी कधीच न काढलेली.
तिच्याजवळ उकिडवा बसून राहिलो.
पटर मोजपट्टीसारखा आडवा ठेवला, मग उचलला.

खालच्या वाटेवरून
शेवंतीच्या कापणी यंत्राचं चाक
जांभ्यावर खडखडत वर येत होतं.
वाटलं, तिला ही रेघ दाखवावी.
वाटलं, तिने ती कापून टाकण्याआधी
निदान विचारून घ्यावं.